आईच्या नावाने कायमस्वरूपी काहीतरी करायचंय: ट्रस्ट, देणगी की मृत्युपत्र?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. आई गेल्या वर्षी गेली. बाबा ७९ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, पेन्शन व्यवस्थित चालू आहे, तब्येत ठीक. कराडजवळचा एक प्लॉट विकला त्याचे पैसे आलेत आणि त्यातले २५ लाख त्यांना आईच्या नावाने समाजासाठी लावायचेत. आम्ही तिघं भावंडं, मी पुण्यात, ताई नाशिकला, धाकटा न्यूजर्सीत. कुणाचाही विरोध नाही हे आधीच सांगतो, त्यामुळे "आधी घरचे वाद मिटवा" असे सल्ले नकोत :)

बाबांचं म्हणणं ट्रस्ट काढा, आईच्या नावाचा, म्हणजे आपण गेल्यावरही चालत राहील. ताई म्हणते एखाद्या चांगल्या संस्थेला एकरकमी देऊन टाका. मला खरं तर वेगळीच काळजी आहे. आमच्या लहानपणी दिवाळीची सणाची उचल हातात आली की बाबा पहिली मनीऑर्डर आनंदवनाला करायचे, मग आमचे कपडे. पावती पंचांगात घालून ठेवायचे आणि ती पावती नीट ठेवायचं काम आम्हा मुलांपैकी एकाकडे असायचं. रक्कम फार नसायची पण देणं हा घरातला एक खर्चच आहे, किराणा दुधासारखा, हे आमच्या डोक्यात तिथूनच बसलं. आता माझी मुलं कॉलेजात आहेत, त्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, आम्ही ऑनलाइन पैसे पाठवतो आणि मुलांना पत्ताही नसतो. तर पैसा कुठे ठेवायचा हा एक प्रश्न आणि पुढच्या पिढीच्या हातात ही सवय कशी जाईल हा दुसरा. अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज.

दप्तरदार

मी बरीच वर्षं ट्रस्टचे हिशोब लिहितो, लहान-मोठे दोन्ही, म्हणून स्पष्ट लिहितो. २५ लाखांसाठी नवीन सार्वजनिक ट्रस्ट काढू नका.

कारण सांगतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हटलं की १९५०चा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आलं. नोंदणी एकदाच होते पण नंतरचं कायम पाठीमागे असतं, दरवर्षी ऑडिट, हिशोब दाखल करणं, विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, स्थावर विकायचं तर कलम ३६ खाली आधी परवानगी. शिवाय आयकराची १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जीची (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी वेगळी, ती मुदतीची असते, संपली की पुन्हा अर्ज. आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी कामावर खर्च व्हायला हवी, उरवायची असेल तर त्याचे नियम वेगळे. २५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख व्याज येणार, त्यातून सीए, फायलिंग, धावपळ वजा केली की काय राहतं ते तुम्हीच बघा.

आणि खरा प्रश्न पैशाचा नाहीच, माणसांचा आहे. बाबा आहेत तोवर फाईल जागेवर असते. पुढच्या पिढीत एक पुण्यात, एक परदेशात, बदल अर्ज कुणी केलेले नसतात, दोन विश्वस्त वारलेले असतात, बँक म्हणते सह्या जुळत नाहीत. अशा फायली माझ्या टेबलावर येतात. पैसा बँकेत पडून असतो, हेतू चांगला असतो आणि कुणालाच त्यातला रुपया काढता येत नाही, फार वाईट वाटतं बघून.

ट्रस्ट कधी काढावा? स्वतः काम उभं करायचं असेल तर. वसतिगृह, दवाखाना, वाचनालय चालवायचं आहे, रोज जाणारा माणूस घरात आहे, तर जरूर काढा. नुसतं देण्यासाठी नाही.

अबोली_वाई

मी शाळेत मुख्याध्यापिका आहे, ठेवींच्या बाबतीत आतली गोष्ट सांगते कारण बहुतेक लोक शेवटी इथेच येतात, "आमच्या आईच्या नावाने पारितोषिक ठेवा".

आमच्या ऑफिसच्या कपाटात एक जाड वही आहे, तिच्यात सगळ्या ठेवी लिहिलेल्या आहेत. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीस, रु. १०००, सन १९८३. शेजारी कुणीतरी शाईने ठेव पावती नंबर लिहिलाय, मग तो खोडून दुसरा, मग तिसरा. त्या काळी त्या व्याजात मुलीला वर्षाच्या वह्या आणि वर ड्रेसचं कापड यायचं असं आमचे जुने सर सांगायचे. आज त्याच हजाराचे वर्षाला सत्तरेक रुपये येतात. स्नेहसंमेलनात नाव पुकारतात, मुलगी स्टेजवर येते, पाकिटात सत्तर रुपये. आम्ही शिक्षक वर्गणी काढून त्यात भर घालतो कारण ते पाकीट द्यायला आम्हालाच कसंतरी होतं. काही ठेवी आम्ही एकत्र करून एकच बक्षीस करावं म्हटलं तर ज्यांनी दिल्या त्यांच्या घरचा पत्ता कुणाकडेच नाही, परवानगी मागायची कुणाची.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, ठेव ठेवाच पण तीन गोष्टी लिहून ठेवा. सगळं व्याज वाटायचं नाही, थोडं मुद्दलात परत टाकायचं. विषय फार बारीक करू नका, "सातवी ब मध्ये भूगोलात पहिला" असं लिहिलं आणि उद्या ती तुकडीच बंद झाली की पैसा अडकला. आणि घरातल्या एका तरुण माणसाचा फोन नंबर शाळेकडे ठेवा, दर दोन-तीन वर्षांनी बदलला तर कळवा.

कृष्णाकाठ

अबोलीताई, हे वाचून बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले आमच्याही शाळेत तशी वही होती. दप्तरदार साहेब, ट्रस्टचा विषय बराच मागे पडलाय घरात.

व्याज परत टाकायचं म्हणजे साधारण किती टाकावं?

दप्तरदार

ढोबळ हिशोब. ७ टक्के मिळत असेल तर ४ टक्के द्या, ३ टक्के मुद्दलात. तुमच्या रकमेवर १ लाख दिले, ७५ हजार परत. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते आणि चोवीस वर्षांत पाव. सगळं व्याज वाटत राहिलात तर नातवंडांच्या लग्नापर्यंत आईच्या नावाची शिष्यवृत्ती पाव झालेली असेल. ३ टक्के टाकूनही महागाई पूर्ण भरून निघत नाही, पण पडझड बरीच थांबते.

पवनारचा_रस्ता

वर्ध्याकडचा आहे, त्यामुळे विनोबांची आठवण होणं साहजिक आहे. १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत पहिले शंभर एकर मिळाले, भूदानाची ती सुरुवात, ते सगळ्यांना माहिती असतं. विनोबा जमीनदारांना म्हणायचे की तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. मागणीत भीक नव्हती, वाटणी होती, आणि वाटणी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला ती लगेच समजते.

त्यानंतरचं संपत्तिदान कमी लोकांना माहिती आहे. त्यात पैसा विनोबांकडे जायचाच नाही. देणाऱ्याने दरवर्षी आपला हिस्सा बाजूला काढायचा, तो स्वतःकडेच ठेवायचा, सांगितलेल्या कामावर स्वतःच खर्च करायचा आणि हिशोब कळवायचा. म्हणजे एकदा देऊन मोकळं होता येत नाही, आयुष्यभर नांदवावं लागतं. कृष्णाकाठ यांना जे मुलांमधे यावं असं वाटतंय ते मला यातच दिसतं.

उलट भूदानाची जमीन बघा. लाखो एकर मिळाली पण त्यातली बरीच खडकाळ, बरीच वादातली, कितीतरी वाटलीच गेली नाही. देणाऱ्याने दिलं, पुढे ती कुणाच्या नावावर चढली, कसली गेली की नाही हे बघायला गावोगावी माणूस हवा होता तो नव्हता. मन मोठं असणं पुरत नाही हे त्या चळवळीवर मनापासून प्रेम असूनही म्हणावं लागतं.

आमच्या घरात काय केलंय ते सांगतो. वडिलांनी मृत्युपत्रात आम्हा भावंडांच्या बरोबरीने एक वाटा समाजाचा ठेवला. आम्ही तिघं, तर चार वाटे. कुणाला रागही आला नाही कारण आकडा नव्हता, वाटा होता, इस्टेट वाढली तर सगळ्यांचं वाढणार, कमी झाली तर सगळ्यांचं कमी होणार.

बाणकोट_खाडी

आमच्याकडे याला शिस्तच लावून दिलेली आहे. जकात दरवर्षी, बचतीच्या अडीच टक्के, रमझानात अब्बा कागद-पेन घेऊन बसायचे, सोनं किती, बँकेत किती, कुणाला उसने दिलेत, सगळं मांडायचे आणि आम्हा पोरांना शेजारी बसवायचे. घराची खरी परिस्थिती मला त्या कागदावर कळली, दहावीत असताना. आणि वसीयत म्हणजे मृत्युपत्र करायचं तर वारसांना सोडून बाहेर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे देणंही आणि मुलांचा हक्कही दोन्ही सांभाळलं जातं. सवय लावायची तर मुलांसमोर हिशोब मांडा, एवढंच सांगेन. आपण मुलांपासून पैसा लपवतो आणि मग म्हणतो त्यांना द्यावंसं वाटत नाही.

मांडवीतीर

गोव्यातल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, आमचा कायदा वेगळा. नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक, म्हणजे निम्मी जोडीदाराची, आणि आपल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीवच असतो. मृत्युपत्राने संस्थेला द्यायला मोकळा राहतो तो उरलेला अर्धा. मृत्युपत्रही नोटरीपुढेच करावं लागतं, घरी कागदावर लिहून दोन साक्षीदार घेतले असं चालत नाही. माझ्या काकांची फार इच्छा होती वाचनालयाला घर द्यायची, शेवटी वकिलाने समजावल्यावर हयातीतच पुस्तकं आणि काही रक्कम दिली आणि स्वतः उद्घाटनाला जाऊन बसले. मला तर तेच जास्त चांगलं वाटलं.

न्यूजर्सी_मराठी

कृष्णाकाठ, तुमच्या धाकट्या भावासाठी लिहितोय कारण इथे सगळे यात अडकतात. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. मग संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी पाहिजे आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच आले पाहिजेत. लहान गावातल्या चांगल्या संस्थांकडे ही नोंदणी बऱ्याचदा नसते, त्यांच्या नेहमीच्या खात्यात प्रेमाने पाठवलेले पैसे त्यांनाच अडचणीत आणतात. हे कृपया त्याला सांगा.

आणि भारतातल्या ट्रस्टला थेट दिलं तर इथे टॅक्सची सूट नाही, ती इथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलं तरच. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून हेच काम करतंय, इथल्या मराठी लोकांचे पैसे तिकडच्या कामांपर्यंत पोचवायचं. इथे अजून एक सोय आहे, डोनर अॅडव्हाइज्ड फंड, त्यात पैसे एकदा टाकायचे, सूट तेव्हाच मिळते, आणि कुठे द्यायचे ते सावकाश सुचवत राहायचं. आपल्यानंतर सुचवायचा अधिकार मुलांच्या नावावर करता येतो. आमच्या दोन मुलींना दरवर्षी त्यातली एक रक्कम देतो, संस्था त्यांनी शोधायची, फोन करून बोलायचं आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणात आम्हाला पटवायचं. पहिल्या वर्षी धाकटीने कुत्र्यांचं शेल्टर निवडलं, बायकोला वाटत होतं गावच्या शाळेला जावं, पण आम्ही मधे पडलो नाही. निवड त्यांची नसेल तर सवयही त्यांची होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

सुमन_आजी

मी वेगळं सांगते. माझं वय ७४. सगळेजण मोठ्या संस्थांबद्दल बोलताय ते छानच आहे, पण तुमच्या आईच्या शेवटच्या आजारपणात घरी कोण होतं? आमच्याकडे ह्यांच्या आजारपणात जी बाई राहिली तिने रात्र रात्र जागून केलं. तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी आम्ही भरली, त्याला पावती नाही, ऐंशी जी नाही, नाव कुठे लागलं नाही. ती मुलगी आता नोकरीला आहे. दान म्हटलं की लोक लांबचं बघतात, आधी उंबऱ्याच्या आतबाहेर बघावं.

कृष्णाकाठ

सुमन आजी, तुमचा प्रतिसाद ताईला पाठवला. आमच्याकडे मंगलमावशी होत्या, आईचं सगळं त्यांनीच केलं. ताईने लगेच फोन केला मला. याबद्दल जास्त इथे लिहीत नाही पण काय करायचं ते ठरलंय.

पेठेतला

नाव लावायचा एवढा आग्रह कशासाठी हे मला अजून कळलं नाही. गुप्तदान सगळ्यात मोठं मानलंय आपल्याकडे.

अबोली_वाई

पेठेतला, तुमचं म्हणणं समजतं, पण शाळेत उभं राहून बघितलं तर नावाचा उपयोग होतो. जगन्नाथ शंकरशेट जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, १८६५ साली गेले, पण संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलांना त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती म्हटलं की ताठ उभी राहतात. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ला मॅट्रिकला मिळाली होती हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुलाला वाटतं आपण कुठल्यातरी रांगेत उभे आहोत. ते नाव नसतं तर नुसता चेक राहिला असता. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने विकले ती गोष्ट आमच्या सातारा भागात घराघरात सांगतात, तीही नावासकटच सांगतात, आणि त्यानेच पुढचे लोक देतात.

पवनारचा_रस्ता

नावाबद्दल अबोलीताईंशी सहमत. नाव पक्कं असावं आणि काम मोकळं असावं. सर दोराबजी टाटांनी १९३२ला जवळपास सगळं ट्रस्टला दिलं, मूलबाळ नव्हतं, पण कामाचं क्षेत्र मोकळं ठेवलं, जात धर्म प्रदेश कशाची अट नाही. म्हणून त्याच पैशातून १९३६ला समाजकार्याची संस्था, १९४१ला परळचं कॅन्सर हॉस्पिटल आणि १९४५ला मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहू शकली. तेव्हा त्यांनी "अमुक गावात प्लेगसाठी दवाखाना" एवढंच लिहून ठेवलं असतं तर? आपली रक्कम लहान असली तरी लिहायची पद्धत तीच ठेवता येते. "ग्रामीण मुलींच्या शिक्षणासाठी" एवढं लिहा, शाळा, इयत्ता, विषय पुढच्यांवर सोडा.

दप्तरदार

टॅक्सबद्दल दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय म्हणून इथेच लिहितो. ८०जीची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, नवीन घेतली असेल तर नाही. २००० रुपयांच्या वर रोखीने दिलं तर वजावट नाही. साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरायची असते आणि त्यातून निघालेलं सर्टिफिकेट तुम्हाला द्यायचं असतं, ते मागून घ्या. जी संस्था ते वेळेवर देते तिचे हिशोबही बहुधा जागेवर असतात, माझी तरी पहिली परीक्षा हीच.

आणि कुणी शेतजमीन द्यायचा विचार करत असेल तर थांबा. शेतकरी नसलेल्याला, त्यात संस्थाही आल्या, शेतजमीन बक्षीस द्यायला कूळकायद्याच्या कलम ६३ची आडकाठी आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. राहतं घर मुलानातवंडांना बक्षीस दिलं तर २०० रुपयांत मुद्रांक होतो, संस्थेला दिलं तर ती सवलत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण करून ठेवा.

मीरा_ठाणे

संस्था कुठून शोधायच्या असं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. गणपतीत लोकसत्ताचं सर्वकार्येषु सर्वदा येतं, त्यात दरवर्षी दहा संस्थांवर सविस्तर लेख असतात, आम्ही ती पानं कापून ठेवतो. पुण्यात देणे समाजाचे प्रदर्शन भरतं, तिथे कार्यकर्ते स्वतः स्टॉलवर असतात, मुलांना घेऊन जा, अर्धा दिवस फिरा, प्रश्न विचारू द्या. माझा मुलगा तिथून आल्यावर आठवडाभर एकाच संस्थेबद्दल बोलत होता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी घरी सगळे बसलो, धाकटा व्हिडिओवर. कच्चं ठरलंय ते लिहितो, चूक वाटलं तर सांगा.

२५मधले १० लाख बाबांच्या हयातीतच तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला कायम ठेव म्हणून, आईच्या नावाने, अबोलीताईंच्या तीनही अटी पत्रात घालून. बाबांना तिथे जाऊन मुलींना शिकवायचंय, आठवड्यातून एकदा, त्याचा त्यांना जास्त आनंद झालाय. उरलेले १५ लाख बाबांच्याच नावावर वेगळ्या खात्यात राहतील, त्यातून दरवर्षी देणं, आणि कुणाला द्यायचं ते पाच नातवंडांनी दिवाळीच्या आधी एकत्र बसून ठरवायचं. हिशोबाची वही माझ्या भाचीकडे, तिने स्वतःहून मागून घेतली. बाकी इस्टेटीचं मृत्युपत्र, तिथे चार वाटे, चौथा समाजाचा. हे पवनारच्या रस्त्यांमुळे झालं, बाबांना विनोबांचं ऐकून फार बरं वाटलं, त्यांनी लहानपणी पदयात्रा पाहिलेली आहे.

शेवटची शंका. चौथा वाटा कुणाला द्यायचा ते नाव मृत्युपत्रात घालावंच लागतं ना? आणि तेव्हा ती संस्था नसलीच तर?

दप्तरदार

उत्तम ठरवलंय. नुसतं "समाजासाठी" लिहून सोडू नका, भांडणाला जागा राहते. संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता घाला, एकसारख्या नावाच्या संस्था खूप असतात. खाली एक ओळ टाका की ही संस्था तेव्हा अस्तित्वात नसेल किंवा तिने नकार दिला तर दुसरी अमुक, आणि तीही नसेल तर एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, ग्रामीण मुलींच्या शिक्षणाचं काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडावी. एक्झिक्युटर एक भाची आणि एक तुम्ही असं ठेवा, दोघंही बाबांपेक्षा वयाने बरेच लहान आणि भारतात राहणारे. साक्षीदार दोन, त्या संस्थेशी संबंध नसलेले आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. एक जण फॅमिली डॉक्टर असला तर चांगलं, तब्येतीचं सर्टिफिकेटही त्याच दिवशी घ्या, ७९ वय आहे.

आणि १५ लाखांच्या त्या खात्यावर नॉमिनी लावला म्हणून काम झालं समजू नका, नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जाते. त्या खात्याचा उल्लेख बँक आणि शाखेच्या नावासकट मृत्युपत्रात वेगळा करा, नाहीतर ते पैसे चार वाट्यांत मिसळून जातील.

कृष्णाकाठ

हे सगळं तसंच्या तसं वकिलाला पाठवतोय. मसुदा आला की नावं काढून इथे टाकेन, इतरांनाही वापरता येईल.